ठकू सापडेपर्यंत

धरणावरचं विश्रामगृह
मंगळवार, ४ नोव्हेंबर

ती. बाबा,

पोचलो. इथला फोन धरणाच्या साहेबांच्या टेबलावर आहे आणि समोर कायम चार माणसं बसलेली असतात. शिवाय तुम्हाला फोनवर माझं रडणं तेवढं ऐकू येतं, शब्द येत नाहीत. म्हणून लिहितो. रोज दुपारी एक गाडी शहराकडे जाते, ड्रायव्हर पत्र नेतो म्हणालाय.

जेवढं कळलं तेवढं सांगतो. ठकू आणि तिच्या बरोबरचे दोघे रोजच्यासारखे होडीतून तळातला गाळ मोजायला गेले होते. होडीच्या कडेला यंत्र टांगलेलं असतं, ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळ किती खाली आहे ते सांगतं. दुपारी एकाएकी वारा उठला. धरणाच्या भिंतीवर आपटून लाटा उलट्या येतात, तिथे होडी आडवी झाली. त्या दोघांना काठावरच्या माणसांनी ओढून काढलं. ठकूने तरंगायचं जाकीट काढून फळीवर ठेवलं होतं, यंत्राची वायर त्यात अडकते म्हणून. तुम्हाला माहीतच आहे, तिला कामात काही आड आलेलं चालायचं नाही. दोघांनीही तिला खाली जाताना पाहिलं. वर येताना कोणी पाहिलं नाही.

पाणबुडे आले आहेत. त्यांच्या म्होरक्याला सगळे वस्ताद म्हणतात. साठीचा असेल, बोलतो कमी. रोज उजाडल्यावर उतरतात आणि अंधार पडला की वर येतात.

मला तिचीच खोली दिली आहे. पांघरूण अर्धं पलंगावर, अर्धं जमिनीवर. उठायला उशीर झाला असणार. खिडकीच्या गजांवर मोजे वाळत घातलेत. मी ते काढले नाहीत.

तुम्ही आणि आत्या दोन घास खात जा. आणि सकाळी सिनेगॉगला जाऊन या. मला त्यातलं काही कळत नाही, पण तुम्हाला तिथे गेल्यावर बरं वाटतं एवढं मला ठाऊक आहे.

तुमचा
गुंड्या


गुरुवार, ६ नोव्हेंबर

चि. गुंड्या,

तुझं पत्र आत्याने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग तिने परत वाचलं. त्या जाकिटाच्या ओळीपाशी दोघंही थांबतो.

सिनेगॉगला जा म्हणतोस. जाता येत नाही रे. तुला हे लहानपणी शिकवलं होतं, पण तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. ज्याचं माणूस गेलं आहे आणि अजून मातीत ठेवलेलं नाही, त्याला आपल्या ज्यू लोकांत ओनेन म्हणतात. त्याने प्रार्थना करायची नाही. सकाळी तेफिलीन, त्या हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पट्ट्या, बांधायच्या नाहीत. पाव तोडताना देवाचं नाव घ्यायचं नाही. मांस नाही, वाइन नाही. दहा पुरुष जमल्याशिवाय आपली प्रार्थना पुरी होत नाही, त्या दहात त्याला मोजत नाहीत. त्याने धंदाही करायचा नाही, म्हणून दुकान बंद आहे. त्याला काम एकच, आपल्या माणसाला पोचवायचं. देव म्हणतो, माझं राहू दे, आधी तुझं बघ.

तू तेराव्या वर्षापासून, म्हणजे नियम लागू झाले तेव्हापासूनच, ही सूट न मागता घेत आला आहेस. आता बाप आणि लेक एका पंगतीला बसलो म्हणायचं.

एरवी ही सूट एखाद्या दिवसाची. सकाळी माणूस जातं, संध्याकाळी माती होते. आपलं माणूस पाण्यात. काल सिनेगॉगचे रब्बी आले तेव्हा मी विचारलं, असा मी कुठवर? ते म्हणाले, ती सापडेल ही आशा आहे तोवर असाच. ज्या दिवशी आशा सोडाल तोच मातीचा दिवस धरायचा. मग सात दिवस खाली बसायचं, कद्दिश, ती माणूस गेल्यावर मागच्यांनी उभं राहून म्हणायची प्रार्थना, म्हणायला लागायचं आणि बाकीचंही सगळं परत सुरू.

म्हणजे माझ्या पोरीच्या मातीचा दिवस मीच ठरवायचा. इतकी वर्षं लोकांची मापं घेतली, हे कसलं माप माझ्या हातात दिलं रे?

तू तिथे आहेस, माझे डोळे तू. जे दिसेल ते लिही.

बाबा


रविवार, ९ नोव्हेंबर

ती. बाबा,

वस्तादांच्या होडीत बसून आलो. वरून पाणी निळं दिसतं, पण खाली म्हणे हाताला हात दिसत नाही. सगळं चाचपून शोधायचं. कमरेला दोर असतो, वर बसलेला माणूस तो धरून असतो. एकदा ओढला तर ठीक, दोनदा ओढला तर वर घ्या. काल दोनदा ओढला तेव्हा मी होडीत उभाच राहिलो. वस्ताद वर आले, हातात झाडाची फांदी होती. धरण बांधायच्या आधी तिथे रान होतं.

तुमचं ओनेनचं वाचलं. मी लिफ्टवाला माणूस, मला ते माझ्या परीने कळलं. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट. अडकलेल्यांना आम्ही ओरडून पहिलं हेच सांगतो की दार उघडायला जाऊ नका, आहात तिथे थांबा, बाहेरून काय करायचं ते आम्ही करतो. देवही बहुतेक तेच सांगतोय. फक्त बाहेरून कोणी काही करतंय का ते मला दिसत नाही.

इथला स्वयंपाकी रात्री मटण करतो. मी ताट परत केलं. म्हटलं, मला नको. तो म्हणाला, पोट बिघडलंय का? म्हटलं, हो. जन्मात पहिल्यांदा तुमचा एक नियम पाळला आणि त्यालाही पोटाचं कारण दिलं.

दिवसभर मी भिंतीजवळच्या पायऱ्यांवर बसतो. आई गेली तेव्हा माती होईपर्यंत आपण तिला एकटं ठेवलं नव्हतं, आळीपाळीने बसलो होतो. इथे आळीपाळीला दुसरं कोणी नाही. तेव्हा मीच बसतो.

वस्ताद म्हणतात, सापडेल.

गुंड्या


बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. गुंड्या,

तू मटण परत केलंस हे वाचून आत्या रडली. मी म्हटलं, अगं, त्याने लग्नाला होकार दिल्यासारखी काय रडतेस. पण मलाही भरून आलं.

शनिवारी, शब्बाथला, ही सूट लागू नसते. त्या दिवशी ओनेनलाही इतरांसारखंच वागावं लागतं. सिनेगॉगला गेलो होतो. आलो.

एक काम करतोय. गावातल्या आपल्या लोकांचे शेवटचे कपडे मीच शिवतो हे तुला माहीत आहे. पांढरं साधं कापड, खिसा नाही, गाठ नाही. मातीसाठी लागणारं काम मला करता येतं, बाकी काही करता येत नाही, म्हणून ठकूचे घेतले. आत्या म्हणाली, दुसऱ्या कोणाला सांग. दुसऱ्या कोणाला कसं सांगू? पहिलं झबलं मी शिवलं, शाळेचा गणवेश मी शिवला, ती नोकरीवर रुजू झाली तो कोट मी शिवला.

अडचण एवढीच की तिचं माप घेऊन बरेच महिने झाले. उन्हाळ्यात आली होती तेव्हा मला बारीक वाटली होती. मी म्हटलं, जेवतेस ना नीट? तर म्हणाली, बाबा, तुमची नजर म्हणजे टेप आहे, जरा गुंडाळून ठेवा. तिच्या खोलीत एखादा अंगातला सदरा असेल तर खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजून कळव. टेप नसेल तर दोरी घे, दोरीच पाठव.

रब्बी येऊन बसतात, चहा घेतात, जातात. काल दारात थांबून विचारलं, काही बातमी? म्हटलं, शोध चालू आहे, मुलाचं पत्र आलं आहे.

शोध चालू आहे ना?

बाबा


सोमवार, १७ नोव्हेंबर

ती. बाबा,

दोरी पाठवतोय. तिचा निळा चौकडीचा सदरा खुंटीला होता, त्याचं माप. मी दोन्हीकडे गाठ मारली आहे, गाठीपासून गाठीपर्यंत धरा. खरंच बारीक झाली होती, बाबा. बाही मनगटाशी दुमडून तिने टाका घातला होता. टाका इतका वाकडा की तुम्ही बघितला असता तर तिला घराबाहेर काढली असती.

इथे थंडी पडायला लागली आहे. सकाळी पाण्यावर वाफ असते, भिंतीचं दुसरं टोक दिसत नाही. साहेब चांगले आहेत, हवे तेवढे दिवस राहा म्हणतात. स्वयंपाक्याला कोणीतरी सांगितलं असावं, आता माझ्यासाठी तो न विचारता वेगळी भाजी ठेवतो.

शोध चालू आहे. थंडीत पाणी उशिरा परत देतं असं लोक म्हणतात. तुम्ही काळजी करू नका. रब्बींनी विचारलं तर सांगा, चालू आहे.

गुंड्या


रविवार, २३ नोव्हेंबर

गुंड्या,

हे पत्र तुझ्या बापाला न सांगता लिहितेय. तो झोपला आहे, म्हणजे डोळे मिटून पडला आहे.

शोध थांबून आठवडा होऊन गेला. पेपरात आलं होतं, आतल्या पानावर, तीन ओळी. मी तो पेपर घडी करून पिठाच्या डब्याखाली दडवला आणि स्वतःला मोठी शहाणी समजले. दुसऱ्या दिवशी कळलं की दादाने त्याच्या आधीच न्हाव्याच्या दुकानात वाचला होता. न्हावी मला म्हणाला, मास्तरांनी पेपर वाचला, घडी घातली आणि दाढी न करताच उठून गेले.

आणि त्यानंतर तुझं पत्र आलं. शोध चालू आहे म्हणून. दादाने ते माझ्यासमोर वाचलं, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. संध्याकाळी रब्बी आले तर त्यांना तेच पत्र दाखवलं. म्हणाला, हे बघा, चालू आहे. रब्बीही पेपर वाचतात रे. ते बरं म्हणाले आणि चहा प्यायले. मी मधल्या दारात ट्रे घेऊन उभी. तुम्ही तिघं पुरुष मिळून कोणाला फसवताय ते मला समजेना.

मी आधी म्हटलं, बाप आहे, आशा सुटत नसेल. पण गुंड्या, ही आशा नव्हे. आशा असलेला माणूस दाराकडे बघतो. हा दाराकडे पाठ करून बसतो. काल शब्बाथ होता. मी वर बायकांच्या सज्जात होते, तिथून तो समोरच दिसतो. पुस्तक उघडलं, सगळ्यांबरोबर पान उलटलं, सगळे उभे राहिले तेव्हा उभा राहिला. पण त्याचे ओठ हलले नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही नाही. साठ वर्षं मी त्या माणसाला प्रार्थनेत बघतेय, त्याचा पुटपुटणारा आवाज मला वर ऐकू येतो. काल काही आलं नाही.

दुसरं म्हणजे बेकरीवाला. त्याची आई जाऊन दोन महिने होतील. वर्ष होत येईपर्यंत त्याला रोज तिच्यासाठी कद्दिश म्हणायचं आहे, आणि आपली माणसं मोजून दहा. दादाला मोजता येत नाही, म्हणून उरले नऊ. नवांत कद्दिश होत नाही. म्हणजे शब्बाथ सोडला तर इतके दिवस त्याच्या आईच्या नावाने कोणी काही म्हटलेलं नाही. तो बिचारा रोज येतो, नऊ जण मोजतो, टोपी खिशात घालून भट्टीवर परत जातो. दादाला एक शब्द बोललेला नाही.

तुझा बाप ना जेवतो ना रडतो. रडायलासुद्धा आपल्यात आधी खाली बसावं लागतं. तू त्याला खरं लिही. तू सांगितल्याशिवाय तो उठायचा नाही आणि बसायचाही नाही.

तुझी
आत्या


मंगळवार, २५ नोव्हेंबर

बाबा,

शोध शुक्रवारी, १४ तारखेला थांबला. मी तुम्हाला खोटं लिहिलं.

त्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मला कळलं. जुन्या नदीचं पात्र जिथे आहे तिथे गाळ माणसाच्या उंचीपेक्षा जास्त आहे. तिथे गेलेलं तिथेच राहतं. किती आहे ते त्यांना नेमकं माहीत आहे, कारण ठकूनेच मागच्या महिन्यात मोजून दिलं होतं.

बाकीचे पाणबुडे गेले. वस्ताद गेले नाहीत. त्यांचं घर इथून जवळ आहे, ते सुटीच्या दिवशी स्वतःच्या होडीने येतात आणि उतरतात. मी दोर धरतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारत नाही. गेल्या वेळी वर आल्यावर त्यांनी बराच वेळ मुखवटा काढला नाही. मग म्हणाले, मी उतरतो ते तू बसलेला असतोस म्हणून.

मला आशा नाही, बाबा. पहिल्या आठवड्यातच संपली. पण ते लिहायला बसलो की हात थांबायचा. तुम्ही मला सांगून ठेवलं होतं ना, आशा सोडली की तोच मातीचा दिवस. म्हणजे मी शोध थांबला असं लिहिलं की माझ्या त्या एका ओळीने तिची माती होणार. मी नास्तिक माणूस, पण तुमच्या या कायद्याने मला असा काही धरला की सांगता येत नाही. आणि मला वाटलं, तुम्ही तिकडे आशेवर जगताय. ती मी कशाला काढून घेऊ?

आता आत्या लिहिते की तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही माझं खोटं पत्र रब्बींना दाखवलंत. का, बाबा? मला एकदा तरी खडसवायचं. मला वाटत होतं मी तुम्हाला सांभाळतोय. तुम्ही मला सांभाळत होतात का? की आणखी काही आहे?

आणि एक गोष्ट. तुम्ही आता घरी ये म्हणाल. सात दिवस बसायचं तर मला यावं लागेल. मी निघालो की ती इथे एकटी. मला ते जमत नाही. रोज संध्याकाळी पायऱ्यांवरून उठतो तेव्हाच जमत नाही.

गुंड्या


गुरुवार, २७ नोव्हेंबर

चि. गुंड्या,

तुझ्यावर राग नाही. आधी ते लिहितो, मग बाकीचं.

तुला वाटलं मी आशेवर आहे. मला वाटलं तू आहेस. पोरगा तिथे बसून आहे, त्याच्या हातातलं काढून घेऊ नये, असं मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं आता सांगतो, कारण तू विचारलं आहेस आणि दुसऱ्या कोणाला मला सांगता येणार नाही.

कद्दिश म्हणजे काय ते तुला कोणी समजावून सांगितलेलं नसेल. लोकांना वाटतं ती मेलेल्याची प्रार्थना. तिच्यात मेलेल्याचं नाव नाही. मरण नाही, माती नाही, दुःख नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत देवाची थोरवी. म्हणजे माझी ठकू तिकडे चिखलात, आणि मी इकडे ताठ उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, तू थोर, तुझं नाव थोर, तुझी स्तुती करावी तेवढी थोडी.

माझ्या बापाच्या वेळी म्हटलं. तुझ्या आईच्या वेळी म्हटलं. जड गेलं, पण गेलं. या वेळी तोंड उघडत नाही, गुंड्या. मी घरात एकटा असताना करून बघितलं. पहिलाच शब्द दातांत अडकतो.

म्हणून ही सूट मला बरी पडली. जन्मभर मी त्याची एक सकाळ चुकवली नाही, आजारी असताना पडल्या पडल्या पट्ट्या बांधल्या. आता त्यानेच सांगितलं की बोलू नकोस. मी बोलत नव्हतो आणि कोणाला संशय येत नव्हता. माझं त्याच्याशी भांडण झालं आहे हे जगाला कळत नव्हतं. पेपरात ते वाचलं तेव्हा पोरीआधी मनात काय आलं सांगू? आता मला उठून उभं राहावं लागणार, हे आलं. आणि मग तुझं पत्र आलं, शोध चालू आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी तुझ्या खोट्याच्या आडोशाला जाऊन बसलो. ती सापडावी म्हणून नव्हे. ती हरवलेली राहावी म्हणून. जोवर ती हरवलेली आहे तोवर मला त्याला थोर म्हणावं लागत नव्हतं. असा तुझा बाप.

काल रब्बींना सगळं सांगितलं. विचारलं, स्तुती येत नसेल तर काय करायचं? ते म्हणाले, मला माहीत नाही. त्यांना चांगलंसं उत्तर सुचलं नाही याचं मला बरं वाटलं.

सकाळी दारात पावाची पिशवी होती. बेकरीवाला ठेवून गेला, कडी वाजवली नाही. त्याच्या आईचे कपडे मी शिवले होते. माझ्या रुसव्यापायी ती म्हातारी ताटकळत राहिली आणि लेक मला पाव आणून देतो. लाज वाटली.

तू म्हणतोस, निघवत नाही. निघू नकोस. मी येतो. आशा घरी खुर्चीत बसून सोडता येत नाही, ते पाणी एकदा बघू दे. सोमवारी सकाळी गाडीत बसतो. आत्या डबा देणार आहे. नको म्हटलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून घेतोय.

बाबा


मंगळवार, २ डिसेंबर

आत्या,

ड्रायव्हर आज दुपारी निघतोय, म्हणजे हे पत्र आमच्या आधी पोचेल. आम्ही उद्या संध्याकाळी येतो. आरसे झाकून ठेव आणि बुटकी स्टुलं काढ. तू काही रांधू नकोस. बाबा सांगतात की बसल्यावरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांच्या घरचं असतं. आणि रब्बींना कळव की माणसं आपल्या घरी जमवा, बाबा दहांत आहेत.

काल संध्याकाळी बाबा गाडीतून उतरले तेव्हा एवढे लहान दिसले की मी आधी दुसऱ्याच कोणाकडे बघत होतो. मी त्यांची पिशवी उघडली, डबा काढायला. आत सर्वात वर कापडी बूट. बसल्यावर चामडं घालत नाहीत ना, म्हणून. म्हणजे ते घरूनच ठरवून निघाले होते. मी ते बाजूला ठेवून डबा काढला. दोघांनी खाल्लं. तुझ्या भाजीत मीठ कमी होतं असं ते म्हणाले, तेवढंच काय ते रात्री बोलणं झालं.

आज सकाळी धुकं होतं. वस्ताद पायऱ्यांवर येऊन थांबले होते. कोणी सांगितलं त्यांना, देव जाणे. बाबांनी विचारलं, कुठे? वस्तादांनी हात केला. बाबा बघत राहिले. मग विचारलं, खाली गार असतं का हो? वस्ताद म्हणाले, असतं मास्तर. गाळ टोचतो का? नाही मास्तर, गाळ मऊ असतो.

बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, चल.

आत्या, आपल्या माणसासाठी अंगावरचा कपडा फाडायचा असतो, तुला माहीत आहे. उभं राहून, मुलीसाठी उजव्या बाजूला. बाबांनी जुना कोट घातला होता, त्यांनीच शिवलेला. त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली, आणि त्यांची बोटं सरळ शिवणीवर गेली. शिंपी उसवतो तो शिवणीवरच. त्यांनी बोटं काढली, म्हणाले, शिवणीवर चालत नाही, कापड फाटलं पाहिजे. परत धरली. परत शिवणीवरच. तीनदा झालं. जन्मभर कापड जपलेले हात, त्यांना फाडता येईना. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, तू सुरुवात कर. मी दातांनी चीर पाडली. पुढचं त्यांनी ओढलं. तो आवाज मी कधी विसरणार नाही. मग मी माझा सदरा फाडला, माझा सहज फाटला.

फाडल्यावर एक वाक्य म्हणायचं असतं, त्याला खरा न्यायाधीश म्हणायचं. मला त्यांनी ते म्हणून दाखवलं नाही. नुसते उभे राहिले. धुक्यातून पाणी दिसायला लागलं इतका वेळ. मला वाटलं, नाही म्हणणार. मी मनात म्हटलं, नका म्हणू बाबा, काही बिघडत नाही. तेवढ्यात ते म्हणाले, पाण्याकडे तोंड करून. प्रार्थनेचा तो पुटपुटता आवाज नव्हता. कोणाला दारात बोलावून जाब विचारावा तसे एकेक शब्द टाकले. पण सगळे टाकले. एक गाळला नाही. मग मीही म्हटलं, त्यांच्यामागून, चुकत चुकत.

वस्ताद टोपी हातात घेऊन मागे उभे होते. त्यांना काही बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. बाबांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, माती होईपर्यंत आमच्यात सांत्वन करत नाहीत. आता केलेलं चालतं. बोला तुम्ही.

वस्ताद खाली बघत काहीतरी पुटपुटले. बाबा म्हणाले, मोठ्याने बोला हो, मला कमी ऐकू येतं.

मग त्या माणसाला ते ओरडून म्हणावं लागलं, आत्या. फार शोधलं हो आम्ही तिला! भिंतीवरून आवाज परत आला.

बाबा पायरीवर खालीच बसले आणि रडायला लागले. मोठमोठ्याने, लहान पोरासारखे, कोणाची पर्वा न करता. वस्ताद त्यांच्या एका बाजूला बसले, मी दुसऱ्या. बऱ्याच वेळाने मी खाली वाकलो आणि त्यांच्या चामडी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

गुंड्या